चंद्राने सोडलेलं मीठ

चंद्रा हे तिचं खरं नाव नाही. आमच्या कामात खरी नावं लिहीत नाहीत, कायदाही तेच सांगतो. मी तिला म्हटलं, तुझ्यावर लिहिते, पण नाव बदलावं लागेल. तर म्हणाली, "मग जरा चांगला ठेवा ताई. आईबापानं ठेवलेला मला कधीच आवडला न्हाय." बराच विचार करून तिने चंद्रा निवडलं. बाकी सगळं तिने सांगितलं तसंच लिहिते आहे. स्वतःची जी स्तुती तिने घालायला लावली होती तीच काय ती थोडी गाळली आहे.

मी सुचेता. भिवंडीतल्या एका एआरटी केंद्रात समुपदेशक आहे. एआरटी म्हणजे एचआयव्हीची औषधं, आणि समुपदेशक म्हणजे ती औषधं रोज का घ्यायची हे रोज नव्याने सांगणारी बाई. पलीकडच्या गल्लीत दिवसभर कापडाचे लूम खडखडत असतात, त्यामुळे माणसांच्या अगदी खासगी गोष्टी मला ओरडून विचाराव्या लागतात. आमच्याकडे लोक तोंडाला रुमाल बांधून, पदर ओढून, भिंतीला चिकटून येतात. चंद्रा कशेळीहून यायची ती उघड्या तोंडाने, रिक्षावाल्याशी भांडत. बाकावर बसली की शेजारच्या घाबरलेल्या नव्या बाईला कोपराने ढोसून म्हणायची, "रडते कशाला? मी बघ, म्हशीसारखी हाय." माझ्या तासभर बोलण्याने जे होत नसे ते तिच्या त्या म्हशीने व्हायचं. याचा मला कधीकधी रागही यायचा.

सुरुवातीला मात्र ती म्हशीसारखी नव्हती. बारा-तेरा वर्षांपूर्वी तिला तिच्या सासूने, आक्काने, अक्षरशः धरून आणलं होतं. नवरा टेम्पो चालवायचा. त्याचं एचआयव्हीचं निदान झालं आणि महिन्याभरात तो गेला. हिला टीबी झालेला, अंगात काही उरलं नव्हतं, मेघाली नावाची शाळकरी मुलगी पदराला धरून उभी. आक्का माझ्यासमोर बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "माझा पोरगा हिच्यामुलं गेला."

मी शांत बसणाऱ्यांतली नाही. मी म्हटलं, "आक्का, बहुतेक उलट झालंय. तुमच्या मुलामुळे ही जायला निघालीय." आक्काने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर टेबलाखाली गेली असती. ती उठली. बाहेर गेली, नळावरून पाणी आणलं आणि सुनेच्या मानेखाली हात घालून तिला घोटघोट पाजलं. आक्काचं तोंड आणि आक्काचे हात यांचं एकमेकांशी पटत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

पुढे टीबीची औषधं झाली, एचआयव्हीची सुरू झाली, आणि चंद्रा बरी झाली. ती कशेळीच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागली. खोक्यांना चिकटपट्टी लावायची, लेबल लावायचं, पुढे ढकलायचं. मेघालीची तपासणी केली तर तिला काही नव्हतं. त्या दिवशी चंद्राने केंद्रातल्या सगळ्यांना चहा पाजला, शिपायापासून डॉक्टरांपर्यंत, आणि चहा पिताना कुणी तिच्यापासून लांब सरकत नाही ना, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून तपासलं. मला ते दिसलं होतं.

घरात आक्का तिला रोज बोलायची. भाजी जास्त शिजली म्हणून, गोडाऊनमधून उशिरा आली म्हणून, पोरीला डोक्यावर चढवून ठेवलंय म्हणून. चंद्राही उलट बोलायची. दोघींचं घर असं चाललं होतं आणि चांगलं चाललं होतं. मेघालीचं लग्नही त्यांनी दोघींनीच केलं. जावई भावेश, पडघ्याकडचा, साधा मुलगा. चंद्राने लग्नाआधी त्याला स्वतःचा आजार सांगून टाकला होता. तो म्हणाला, "मामी, तुमी गोल्या घेता ना वेळेवर? मग झाला." मला तो तेवढ्यावरच आवडला.

लग्नानंतर मेघालीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. आणि याच काळात चंद्रा काळी पडायला लागली.

सावळी ती होतीच. पण हा काळेपणा निराळा होता. तळहाताच्या रेषा शाईने काढल्यासारख्या दिसायला लागल्या. बोटांची पेरं, कोपरं, ओठांची कड. दिवसभर पत्र्याखाली काम करणाऱ्या बाईला ऊन लागतं कुठे? मग थकवा आला. बसलेली उठली की डोळ्यांपुढे अंधार. सकाळी मळमळ. वजन उतरलं. गावात कुजबुज सुरू झाली की जुना रोग वर आला. गोडाऊनमधल्या बायका डबा खाताना थोड्या सरकून बसू लागल्या. चंद्रा तोंड उघडं ठेवूनच येत होती, पण आता रिक्षावाल्याशी भांडत नव्हती.

"ताई, गोल्या लागू पडायच्या बंद झाल्या काय?" तिने विचारलं.

आम्ही तपासलं. रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी. रोगाशी लढणाऱ्या पेशी भरपूर. छातीचा फोटो स्वच्छ, टीबी परत आलेला नाही. मी तिला कागद दाखवून म्हटलं, "तुझा एचआयव्ही गाढ झोपलाय."

"मग मी मरतेय कशानं?" असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

गावातल्या दवाखान्यात तिला सांगितलं, विकनेस आहे. आपल्याकडे हे एक बरं असतं. जे कळत नाही त्याला विकनेस म्हणायचं आणि सलाईन लावायचं. गंमत म्हणजे सलाईन लावलं की चंद्रा दोन दिवस टवटवीत व्हायची. घरी जाऊन भांडायची, कामावर जायची. तिसऱ्या दिवशी पुन्हा आडवी. बाटलीत काय असतं याचा विचार कुणी केला नाही. बाटलीत मिठाचं पाणी असतं.

मीठ तिला त्या दिवसांत फार लागायचं. आमच्या बाकावर बसून कागदाच्या पुडीतली चिंच मिठात घोळवून खायची, बोटं चाटायची. घरी भाजलेला खारा बोंबील नुसता चघळायची. पेजेत मीठ, भातावर मीठ, कलिंगडावर मीठ. आक्का म्हणायची, "डोहाले पोरीला लागायचे ते हिला लागलेत." आक्का स्वतः मिठाची भोक्ती. तिचं माहेर मिठागरावरचं. लहानपणी तिने फळी ओढून मिठाच्या राशी केलेल्या, पायांना त्याच्या खुणा अजून आहेत. त्यामुळे घरात मिठाला कुणी नको म्हणत नव्हतं.

आणि मग मेघालीला तिसऱ्यांदा दिवस राहिले.

चंद्राने काय केलं ते आम्हाला पाच महिन्यांनी कळलं. कारण बोललेला नवस सांगायचा नसतो, सांगितला की त्याचं मोल जातं, अशी त्यांच्याकडे समजूत. ती एकटीच वज्रेश्वरीला गेली आणि देवीपुढे बोलली की पोरीचं लेकरू हातात येईपर्यंत मीठ खाणार नाही. मीठच का? तर तिचं म्हणणं सरळ होतं. देवीसाठी सोडायचं तर आवडीचं सोडायला हवं. नावडती भाजी सोडून देवीला फसवायचं का? आणि त्या दिवसांत तिला जगात सगळ्यात जास्त आवडत होतं ते मीठ.

त्या दिवसापासून ती आमटीत मीठ पडायच्या आत स्वतःची वाटी काढून ठेवायची. भाकरीचं पीठ बिनमिठाचंच असतं, ते सोपं. सुकी मासळी पोट बिघडतं म्हणून बंद केली. बाकावरची चिंचेची पुडी गेली. मी खूश झाले! म्हटलं, बरं झालं, हिचं ते अरबटचरबट खाणं सुटलं. दर महिन्याला मी तिला विचारायचे, "जेवण नीट आहे ना?" ती म्हणायची, "हाय." आणि ते खोटं नव्हतं. जेवत ती होती.

डोहाळेजेवण सातव्या महिन्यात कशेळीलाच होतं. मला आमंत्रण होतं, मी गेले. अंगणात मांडव, मेघाली हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत. बायका एकेक करून ओटी भरत होत्या. चंद्रा विधवा, म्हणून तिला पुढे कुणी बोलावलं नाही, आणि तिनेही ते गृहीत धरलेलं. आपल्या एकुलत्या एका मुलीच्या डोहाळेजेवणात ती मागच्या पडवीत वडे तळत होती. असल्या ठिकाणी माझं डोकं फिरतं, मी उठून मागे गेले की निदान तिच्याजवळ तरी बसावं. ती कढईपुढे पाटावर बसली होती. मला बघून हसली, "ताई, बसा" म्हणत उठायला गेली आणि उभी राहता राहता खाली आली. नशीब की कढईवर नाही पडली.

चेहरा थंड, घामाने डबडबलेला. नाडी लागेना. भावेशने तिला उचलून कुणाच्या तरी गाडीत घातलं. आक्का न विचारता पुढच्या सीटवर बसली. मेघालीला घरी थांबायला सांगायला मी मागे वळले तर ती फुलांच्या दागिन्यांसकट गाडीत शिरत होती. तिला मांडवातल्या दोन बायकांनी धरून मागे ओढलं.

भिवंडीतल्या ज्या रुग्णालयात आम्ही पोचलो तिथे डॉक्टर आसावरी ड्युटीवर होत्या. तिशीची, बारीक आवाजाची मुलगी. मला वाटलं, झालं, आता ही आम्हाला ठाण्याला पाठवणार. तिने रक्तदाब घेतला, तो जेमतेम लागला. मग तिने चंद्राचा तळहात उघडून पाहिला. ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या. हिरड्यांवर काळे-निळे डाग होते. ते मी इतक्या वर्षांत पाहिले नव्हते, माणसाच्या हिरड्या कोण बघतं?

"टीबी झाला होता?" तिने मला विचारलं.

"हो. बारा वर्षांपूर्वी. आणि एचआयव्ही आहे. औषधं नीट चालू आहेत."

तिने मान हलवली, तपासणीसाठी रक्त काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता एक इंजेक्शन दिलं. मोठं सलाईन जोराने सोडलं. संध्याकाळपर्यंत चंद्रा डोळे उघडून बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उशीला टेकून बसली होती आणि आयाबाईला सांगत होती की चादर नीट घातलेली नाही. मी दारातच थबकले. असं भांडताना तिला मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

रक्ताचे रिपोर्ट आले, नंतर पोटाचं स्कॅनिंग झालं, तेव्हा डॉक्टर आसावरींनी मला समजावलं. मी ते माझ्या भाषेत सांगते. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते. ऍड्रिनल म्हणतात तिला. तिच्यातून निघणारी संप्रेरकं दोन मोठी कामं करतात. एक, आजारात, ताणात माणसाला उभं ठेवतात. दुसरं, अंगातलं मीठ लघवीवाटे वाहून जाऊ देत नाहीत. चंद्राच्या दोन्ही ग्रंथी आक्रसून गेल्या होत्या, त्यात चुन्यासारखे ठिपके होते. त्या जुन्या टीबीने खाल्ल्या, की तेव्हा अंगात उधळलेल्या एचआयव्हीने, की दोघांनी मिळून, ते आता सांगता येणार नाही. दोघांनाही ही ग्रंथी आवडते, आणि एचआयव्ही असलेल्या कितीतरी जणांत ती हळूहळू मंद होत जाते. काम बंद पडायला वर्षं लागतात, तोवर कुणाला पत्ता लागत नाही. ग्रंथी काम करेना म्हणून मेंदू तिला वरून जास्तजास्त हुकूम सोडतो आणि त्या हुकमांनीच कातडी काळी पडते. म्हणजे चंद्रा काळी पडत होती ती तिचा मेंदू हाका मारत होता म्हणून.

"आता त्या ग्रंथीच्या जागी गोळ्या, जन्मभर," डॉक्टर तिला म्हणाल्या. "मावशी, एक दिवस चुकवायची नाही. ताप आला, उलट्या झाल्या, ऑपरेशन ठरलं, तर डोस वाढवायचा. आणि मीठ हवं तेवढं खायचं. तुमच्या अंगात मीठ टिकत नाही. तुम्हाला खारट खावंसं वाटत असेल ना?"

एवढा साधा प्रश्न. चंद्रा एकदम रडायला लागली. आक्काने तिला पहिल्यांदा आणलं त्या दिवशीही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. हुंदके देत ती बोलत होती आणि डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या, कारण त्यांना यातलं निम्मं कळत नव्हतं. ती म्हणत होती की मला वाटलं देवी माझी परीक्षा बघते. शेजारच्या अंगणात मासळी वाळत घातली की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. गोडाऊनमध्ये कपाळावरचा घाम ओठावर आला की मी चाटायचे, आणि मग दोष लागला म्हणून आत जाऊन रडायचे. मला वाटलं मी हावरट हाय. नवस बोलायचा आनि मन मिठात, म्हणून देवी मला झिजवते.

असा तो नवस बाहेर आला.

मी चिडले. खरं सांगते, दयामाया काही आली नाही, आधी चिडलेच. म्हटलं, "चंद्रा, जे अंग ओरडून मागत होतं तेच तू बंद केलंस! पाच महिने! मला विचारायचं नाही?"

"नवस विचारून बोलतात काय?"

"बरं, झालं ते झालं. आता खायला लाग."

तिने डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाली, "गोल्या घेईन. इंजेक्शन घेईन. मीठ न्हाय. पोरीचा सातवा चालू हाय ताई, दोन महिनं काढायचेत."

डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या आहेत, पण गोळ्यांना मिठाची साथ लागते, आता कुठे तुम्ही सावरताय, घरी जाऊन पुन्हा अशाच पडलात तर वेळेवर पोचाल असं नाही. मी सांगितलं की तुझ्या आमटीतल्या मिठाचा आणि मेघालीच्या पोटाचा काही संबंध नाही. सांगताना माझा आवाज चढला. पलीकडच्या खाटेवर एका लूमवाल्याची बायको होती, तीसुद्धा म्हणाली, "खा लो बहन, थोडा नमक खाने से क्या होता है." चंद्रा सगळ्यांचं ऐकत होती. मग मला म्हणाली, "तुमचा बरोबर आसंल ताई. पन मी मीठ खाल्ला, मी वाचले, आनि पोरीचा तिसऱ्यांदा गेला, तर? तुमी येनार काय मला सांगायला का संबंध न्हाय म्हनून? तवा मी कशी जगू?"

वीस वर्षं मी लोकांना समजावते आहे. रोज गोळी का, कंडोम का, बाळाला औषध का. हे मला समजावता येईना. कारण ती अडाणीपणाने बोलत नव्हती. ती हिशेब करत होती, आणि त्या हिशेबात तिचा जीव स्वस्त होता.

दुपारी आयाबाईने पेज आणली. मऊ भाताची, वर मीठ घातलेली. चंद्राने वास घेतला, डोळे मिटले आणि वाटी बाजूला सरकवली.

आक्का एवढा वेळ खाटेच्या पायथ्याशी खाली फरशीवर बसली होती. काल रात्रीपासून तिथेच होती. तिने काही विचारलं नव्हतं, कुणी तिला काही सांगितलंही नव्हतं, पण ऐकत सगळं होती. ती गुडघ्यावर हात देत उठली. नेसूचं लुगडं झटकलं. आता ही सुनेला बोलणार, असं वाटून मी मधे पडायच्या बेतात होते.

"काय बोललीस देवीला?" आक्काने विचारलं. "शबूद सांग. बरोबर काय बोललीस?"

"पोरीचा लेकरू हातात येई तवर मी मीठ न्हाय खानार."

"मेघाली कोनाची?"

चंद्राने चादरीची कड बोटाला गुंडाळली.

"कोनाची म्हनते मी? माझ्या पोराची पोर हाय. माझी नात हाय. मग नवस तुझा एकलीचा कसा? घरातल्यानं बोलला, घरातल्या कोनी पन फेडला तर चालतो. तुझा मालक पोटात व्हता तवा मी बोलले व्हते, देवीला अनवानी जाईन म्हनून. मला बालंतरोग झाला. गेला कोन? तुझा सासरा गेला. देवीनं काय परत धाडला काय त्याला?" आक्काने पदर खोचला. "आजपासना मी अलनी जेवते. दोन महिनं. तू सूट."

"तुमी?" चंद्रा म्हणाली. रडता रडता तिला हसू फुटलं. "तुमाला चहाबरोबर पन खारा लागतो."

"म्हनूनच. तूच बोललीस ना आवडीचा सोडायचा म्हनून?"

"आनि काय झाला पोरीला तर?"

आक्का खाटेवर बसली. तिने वाटी उचलली. "झाला तर देवीला मी जाब विचारीन. तुला कोन काय बोलनार न्हाय. मी पन न्हाय बोलनार." मग तिचं तोंड आणि हात पहिल्यांदाच एका बाजूने बोलले. "पोरगा गेला तवा मी तुला बोलत व्हते. बोलून बोलून दिवस काढले. आता तू गेलीस तर मी कोनाला बोलू गं? भिंतीला?"

चंद्राने वाटी हातात घेतली. पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. मग तिने ती पेज प्यायली तसं मी कुणाला काही पिताना पाहिलेलं नाही, तळाला बसलेली शितं बोटाने काढून खाल्ली आणि आयाबाईला म्हणाली, "मीठ कमी व्हता."

डॉक्टर आसावरींनी जाताना आक्काचाही रक्तदाब बघितला. तो चांगलाच वर होता. "आजी, तुम्ही तर मीठ कमी करायलाच हवं होतं," त्या म्हणाल्या. आक्काने त्यांना सांगितलं की दोन महिन्यांनंतरचं काही बोलू नका.

पुढचे दोन महिने चंद्रा महिन्यात दोनदा येत होती. गोळ्या एका डबीत, ती डबी ब्लाउजमध्ये. काळेपणा हळूहळू उतरत होता, वजन भरत होतं. एकदा ताप आला तर स्वतःच डोस वाढवून मग मला फोन केला, तोही सांगायला, विचारायला नाही. गोडाऊनला परत जायला लागली. तिथल्या बायकांना तिने जेवणाच्या सुट्टीत ग्रंथीचं सगळं समजावून सांगितलं म्हणे, टोपीसकट. पण मेघालीचा विषय निघाला की डबी काढून गोळ्या मोजायला लागायची. मीठ खात होती, पण प्रत्येक घासाला भीत होती, हे तिने मला तेव्हा सांगितलं नाही, नंतर सांगितलं. आक्का मात्र अळणी जेवून जगाला शिव्या घालत होती. बिनमिठाची आमटी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, असं ती रोज म्हणायची आणि रोज संपवायची.

नववा महिना भरायला थोडे दिवस असताना मेघालीला कळा सुरू झाल्या. बाळाचे ठोके कमी झाले म्हणून घाईने सिझर करावं लागलं. भावेशने मला फोन केला. मी गेले तेव्हा चंद्रा आणि आक्का प्रसूतिगृहाच्या बाहेर बाकावर बसल्या होत्या, शेजारी शेजारी. मुलगी झाली होती. जिवंत होती, पण श्वास नीट नव्हता म्हणून काचेच्या पेटीत ठेवली होती. भावेशने आक्काला वडापाव आणून दिला. म्हणाला, "आजी, झाली ना पोरगी, आता खा." आक्काने तो परत त्याच्या हातात ठेवला. "हातात येई तवर म्हटलेला हाय," ती म्हणाली. "पेटीत न्हाय."

दोन दिवस पोर पेटीत होती. दोन दिवस आक्का घरून आणलेला कोरडा अळणी भात खात होती आणि चंद्रा घड्याळाकडे बघून गोळ्या घेत होती. मी ड्युटी संपली की तिथे जायचे. चंद्राने मला एकदा विचारलं, "ताई, मी खाल्ला म्हनून तर न्हाय ना?" मी नाही म्हटलं. यावेळी आवाज चढवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स बाळ गुंडाळून बाहेर घेऊन आली. आता घ्या म्हणाली, दूधही ओढतेय. रीतीप्रमाणे घरातलं वडीलधारं कोण म्हणून तिने आक्कापुढे हात केले. चंद्रा आपोआप मागे सरकली, डोहाळेजेवणाच्या दिवशी मागे राहिली होती तशीच.

आक्काने हात पुढे केले नाहीत. तिने चंद्राला दंडाला धरून पुढे ओढलं.

"हिच्या हातात द्या आदी," ती नर्सला म्हणाली. "नवस हिनं बोललाय. मी नुसती अलनी जेवले."